ओझं कुठं आहे ते आधी बघा : टाक-शाईनं माणसं रेखाटताना

पहाटे साडेपाचला आमच्या पेठेतल्या तालमीत दिवा लागतो. हौद्यातल्या लाल मातीत ताक, हळद, तेल मुरलेलं असतं, तिचा वास दारातच येतो. मी चप्पल बाहेर काढतो, मातीला हात लावून कपाळाला लावतो आणि खांबाजवळच्या कोपऱ्यात पाट टाकून बसतो. मांडीवर कार्ट्रिज पेपरचा पॅड, उजव्या हाताला शाईची बाटली. ती लवंडू नये म्हणून वाळू भरलेल्या डब्यात रोवलेली. समोर दोन पोरं खडाखडी करत असतात. एकमेकांच्या मानेवर पंजा, कपाळाला कपाळ. टाक शाईत बुडवला की तो कागदाला लागेपर्यंत मी फक्त एकच गोष्ट शोधतो : या घटकेला ओझं कुठं आहे?

कोल्हापुरात बत्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या पोरांनी आणि निवृत्तीनंतर रविवारी माझ्याकडं येणाऱ्या मोठ्या माणसांनी सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच, "सर, चेहऱ्यावर भाव कसे आणायचे?" मी त्यांना सांगतो, चेहरा सगळ्यात शेवटी. थकलेला माणूस पाठमोरा दिसला तरी थकलेलाच दिसतो. वाट बघणारी बाई लांबून, तोंड ओळखू येत नसतानाही कळते. देहाचा भार कुठं पडलाय, कुठं सैल सुटलाय, यातूनच ते कळतं. आणि हे सांगायला टाक-शाईसारखं साधन नाही, कारण निबेवर हात जड पडला की रेषा जाड होते, हात उचलला की बारीक होते. समोरच्या माणसाचा भार आणि तुमच्या हाताचा दाब यांची सांगड घातली की रेषेत भाव येतो. पुढं जे काही सांगतोय ते एवढ्यासाठीच.

आधी साहित्य, पण थोडंच

सुरुवातीला दोन वर्षं मी बाजारात मिळणाऱ्या बारीक टोकाच्या पेनांनी फिगर काढल्या. शून्य पॉइंट एक, शून्य पॉइंट तीन, असे नंबर असलेली पेनं. रेषा स्वच्छ येते, शाई सांडत नाही, बसमध्येही वापरता येतं. पण ती पेनं दाब ओळखत नाहीत. झोपलेलं बाळ आणि पोतं उचलणारा हमाल, दोघांची रेषा एकाच जाडीची. सगळी माणसं तारेची केल्यासारखी दिसायची. कळायला दोन वर्षं लागली, की दोष डोळ्याचा नव्हता, साधनाचा होता.

तुम्ही साधा टाक घ्या. लाकडी किंवा प्लास्टिकची दांडी आणि लवचीक निब. नव्या निबेवर तेलाचा पातळ थर असतो, तो काढल्याशिवाय शाई धरत नाही, थेंब थेंब होऊन ओघळते. साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळून पुसली की काम होतं. काही जण निब काडीच्या ज्योतीवर धरतात. मी धरत नाही, पोलाद नरमतं आणि लवचीकपणा जातो. निबेच्या मध्ये जी चीर असते तीच सगळं करते. टाक स्वतःकडं ओढताना दाब दिला की चीर उघडते आणि रेषा फुगते. टाक पुढं ढकलताना मात्र दाब देऊ नका, टोक कागदात रुतेल आणि शाईचे शिंतोडे उडतील. म्हणून टाकानं काढणारा माणूस वही सतत फिरवत असतो. लाज वाटू देऊ नका, फिरवा.

दुसरं साधन म्हणजे बोरू. आपल्याकडं मोडी याच बोरूनं लिहिली गेली. वाळलेल्या बोरूची किंवा बारीक वेळूची वीतभर कांडी घ्या, एक टोक धारदार चाकूनं तिरकं तासा, मध्ये अर्धा इंच चीर द्या, टोक सपाट छाटा. झालं. बोरूत शाई फार वेळ राहत नाही. रेषा काळीभोर सुरू होते आणि हातभर जायच्या आत खरखरीत, तुटक होते. म्हाताऱ्या कातडीला, घोंगडीला, पटक्याला ती कोरडी रेषा असं काही रूप देते की निबेला ते जमत नाही. डच चित्रकार व्हॅन गॉगनं १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावात तिथल्याच कालव्याकाठचे बोरू तासून चित्रं काढली. त्याची शाई आता तपकिरी पडलीय, पण बोरू कुठं जड पडला आणि कुठं कोरडा झाला ते अजून कळतं.

शाईबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगतो. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई शाईपेनात भरू नका. तिच्यात काजळीबरोबर लाख असते, ती आत वाळली की निघत नाही. माझे वडील तलाठी होते. त्यांचं जुनं शाईपेन, ज्यानं त्यांनी आयुष्यभर सातबारे लिहिले, ते मी एका रविवारी वॉटरप्रूफ शाईनं भरलं. पंधरा दिवसांनी ते दगड झालं होतं. गरम पाणी, स्पिरिट, सगळं करून बघितलं. ते पेन अजून माझ्या टेबलावर आहे, चालत मात्र नाही. शाईपेनानं काढायचं असेल तर शाईपेनाचीच शाई वापरा. ती पाण्यात विरघळते, आणि तेही कामाला येतं : रेषा काढून झाली की ओल्या बोटानं एक बाजू पुसायची, आपोआप सावली पडते.

कागद विकत घेण्याआधी दुकानात कोपऱ्यावर एक रेषा मारून बघा. कडा स्वच्छ राहिली तर घ्या. शाई फुटली, म्हणजे रेषेला केसांसारख्या मुळ्या सुटल्या, तर परत ठेवा. हातकागद दिसायला देखणा असतो, पण त्याचे धागे निबेत अडकतात. त्यावर बोरू छान चालतो. सरावाला साधा जाड बॉन्ड पुरे.

टाक उचलायच्या आधी

दोन मिनिटं काहीही काढू नका. नुसतं बघा. बघायचं काय, तर तीन गोष्टी.

पहिली, माणूस जमिनीला, भिंतीला, खुर्चीला कुठं कुठं टेकलाय. दुसरी, उभा असेल तर कुठल्या पायावर आहे. गळ्याच्या खळग्यापासून मनात एक ओळंबा सोडा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर ओळंबा त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरतो. त्या बाजूची कंबर वर चढलेली असते आणि खांदा खाली आलेला असतो. ही तिरकी जोडी चुकली की माणूस पडतोय असं वाटतं, मग चेहरा कितीही सुंदर काढा. तिसरी गोष्ट, कुठला अवयव काहीच काम करत नाही. लटकणारा हात, सुटलेलं मनगट, बाहेर पडलेला गुडघा. थकव्याचा, निवांतपणाचा, कंटाळ्याचा भाव इथं असतो.

प्रमाणाची चिंता फार करू नका. मोठं माणूस उभं असताना साधारण सात ते साडेसात डोक्यांइतकं उंच, उकिडवं बसलं की साडेतीन-चार डोकी, तीन-चार वर्षांचं मूल पाच डोकी. एवढं लक्षात असलं की बास.

पेन्सिलनं आधी काढून मग शाई फिरवू नका. हे मी शाळेत शिकवत होतो ते चुकीचं होतं, असं आता म्हणतो. पेन्सिलच्या रेषेवर टाक फिरवताना डोळा माणसावर नसतो, पेन्सिलवर असतो. हात भार विसरतो आणि वळणं गिरवतो. त्याऐवजी शाईचेच चार ठिपके द्या : डोक्याचा माथा, बूड, गुडघा, टाच. ठिपके चित्रात जिरून जातात.

पहिली रेषा

लक्ष्मीपुरीच्या बाजारात एक मावशी मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात. मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, "मावशी, तुमचं चित्र काढू का?" त्या म्हणाल्या, "माझं काय काढताय मास्तर, त्या पोरीचं काढा." मी म्हटलं, पोरीचं नंतर. मग त्यांनी पदर सारखा केला आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्या उकिडव्या बसतात. डावा गुडघा छातीशी, उजवा जरा बाहेर. गुडघ्यांच्या मध्ये पाटी. डाव्या हातात कोथिंबिरीच्या काड्या गोळा करतात, उजव्या हातानं मुळाशी दोरा दोनदा गुंडाळून दातानं तोडतात. दर वेळी दोरा तोडताना मान डावीकडं कलते आणि उजवा खांदा वर येतो. दहा-बारा वेळा ती हालचाल मी नुसती पाहिली. सगळा भार दोन टाचांवर आणि पाठीच्या खालच्या कमानीत होता. हात भराभर चालत होते, पण त्यांच्यावर भार काहीच नव्हता.

म्हणून पहिली रेषा मी पाठीची काढली. मानेच्या मणक्यापासून सुरुवात, हलक्या हातानं. खांद्याच्या फऱ्याजवळ जरा दाब. तिथून कमरेपर्यंत दाब वाढवत न्यायचा, रेषा फुगत जाते. बुडाखाली वळताना सगळ्यात जड, आणि टाचेशी पोचल्यावर टाक जागच्या जागी थांबवायचा, उचलायची घाई करायची नाही. शाई तिथं थोडी साचते. तो साचलेला काळा ठिपका म्हणजे जमीन. ही सगळी रेषा एका श्वासात. मध्ये टाक उचलला तर जोड दिसतो आणि पाठ दोन तुकड्यांची होते. मी खरोखरच श्वास धरून काढतो, आणि शिकवतानाही तसंच सांगतो.

दुसरी रेषा मानेपासून पुढच्या बाजूनं, म्हणजे गळा, हनुवटीखालची सावली, छातीशी आलेला गुडघा. ही बारीक, जवळजवळ वजन नसलेली. ती मध्येच सोडून दिली तरी चालते. बघणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो. गुडघ्याच्या टोकावर मात्र पुन्हा एक ठाम छोटी कमान, कारण तिथं साडी ताणलेली आहे.

मग साडी. कापडाच्या चुण्या कुठूनही येत नाहीत, त्या एखाद्या अडलेल्या जागेतून निघतात. मावशींच्या नऊवारीच्या चुण्या दोन जागांतून निघत होत्या : गुडघ्यातून आणि कमरेच्या कासोट्यातून. तिथून सात-आठ रेषा फेकल्या, झपाझप, टोकाला हात उचलत. कापडाच्या मधल्या भागात एकही रेषा नाही. नवशिके तिथंच चुकतात, सगळी साडी भरून काढतात आणि आतला देह हरवतो.

हात शेवटी. पाच बोटं मोजून काढली नाहीत. दोरा धरलेली दोन बोटं नीट, बाकीची एका वळणात. आणि चेहऱ्याला फक्त कललेल्या मानेची रेषा, पदराची कड, नाकाचा एक टिंब. डोळे काढलेच नाहीत, कारण त्यांची नजर खाली होती.

चित्र दाखवल्यावर त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही तर आमच्या आईगत बसलीया." त्या चित्रात डोळे नाहीत, तोंड नाही. पण पाठ होती, आणि ती त्यांच्या घरातली होती.

भरलेली बादली

भार ओळखायचा सराव घरी करता येतो. घरातल्या कुणाला तरी रिकामी बादली धरून उभं करा, पाच मिनिटांत रेखाटन करा. मग तीच बादली पाण्यानं काठोकाठ भरा, पुन्हा काढा. दोन्ही चित्रांत बादली काढायची नाही. फक्त माणूस. मग तिसऱ्या माणसाला विचारा, भरलेली कुठली? त्याला न अडखळता सांगता आलं तर तुमची रेषा बोलायला लागली. नाही आलं, तर पुन्हा बघा : भरलेल्या बादलीच्या बाजूचा खांदा किती खाली गेलाय, कमर उलट्या बाजूला किती सरकलीय आणि मोकळा हात अंगापासून किती लांब गेलाय.

तो मोकळा हातच सगळं सांगतो. रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराचं एक छोटं रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, १६५०च्या दशकातलं. दोन बायका एका पोराला हात धरून चालायला शिकवताहेत आणि मागून एक गवळण बादली घेऊन चाललीय. तिच्यासाठी मोजक्याच रेषा खर्च केल्या आहेत. पण तिचा दुसरा हात तोल सावरायला बाहेर पसरलाय, आणि त्या एका हातामुळं बादली दुधानं भरलीय हे पक्कं कळतं. पोराला धरलेल्या दोघींचं वाकणंही एकसारखं नाही. वयसुद्धा भारातूनच दिसतं. मी हे चित्र छापील पुस्तकातच पाहिलंय, पण वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर चिकटवलंय. पोरं ओळखतातच, कारण गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर किटली घेऊन जाणारी माणसं त्यांनी रोज पाहिलेली असतात. येतानाची किटली भरलेली, जातानाची रिकामी. माणूस तोच, चाल वेगळी.

दोन देह, एक बाह्यरेषा

आता पुन्हा तालमीत या. दोन पैलवान भिडलेले असतात तेव्हा नवशिका एक पैलवान काढतो, मग दुसरा काढायला जातो, आणि तोवर डाव बदललेला असतो. चित्रात दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतात, भिडत नाहीत.

भिडलेल्या दोघांचा भार वेगळा नसतोच. एकानं अंग काढून घेतलं तर दुसरा तोंडावर पडेल, इतके ते एकमेकांवर रेललेले असतात. म्हणून त्यांना एकच आकार समजा. तंबूसारखा त्रिकोण : वर डोकी, खाली चार पाय लांब पसरलेले. पहिली रेषा एकाच्या मागच्या टाचेपासून सुरू करा, पोटरी, मांडी, पाठ, मानेवरून दुसऱ्याच्या खांद्यावर, त्याच्या पाठीवरून थेट त्याच्या मागच्या टाचेपर्यंत. मोडी लिहिणारा हात न उचलता ओळ ओढत न्यायचा, तशी. दोन टाचांवर दाब जड, मधल्या पाठींवर मध्यम, मानेवर पंजा जिथं पडलाय तिथं एकदम गच्च. ही एक रेषा बरोबर आली की कुस्ती आली. आतले पाय, लंगोट, दंडाचे स्नायू नंतर भरता येतात, आणि पुष्कळदा भरायची गरजच पडत नाही.

वस्तादांनी मला एक गोष्ट शिकवली ती कुठल्याही चित्रकला वर्गात ऐकली नव्हती. ते म्हणाले, "मास्तर, पैलवानाच्या हाताकडं बघू नका, हात फसवतोय. कमरंकडं बघा." त्या दिवसापासून मी उभ्या माणसाचं चित्र कंबरेपासून मोजतो. सपाट्या मारणारा पोरगा खाली बसतो आणि वर येतो, त्यात कंबर वर उठते ती घटका पकडायची. खाली बसलेला पुतळा वाटतो, पूर्ण उभा झालेला रिकामा वाटतो. मधली अवस्था, मांडीवर सगळा ताण असताना, त्यातच जोर दिसतो.

रेषेचा वेग

दाबाइतकाच वेग बोलतो. हळू काढलेली रेषा थोडी थरथरते, कागदाचा पोत पकडते, जड आणि विचारी वाटते. झोपलेल्या माणसाला, म्हाताऱ्या हाताला ती शोभते. झपकन मारलेली रेषा टोकाला विरते, हलकी असते. नाचणाऱ्याला, धावणाऱ्या पोराला ती हवी. माणूस बघून आधी ठरवा : याची रेषा कुठल्या चालीची?

चित्रकार के. के. हेब्बर (१९११–१९९६) यांची नर्तकांची रेखाटनं कुठं मिळाली तर जरूर बघा. रेषा न अडता गिरकी घेत जाते, पाय कुठं संपला आणि घुंगरू कुठं सुरू झालं ते कळत नाही, तरी तोल अचूक. नृत्याची लय अंगात मुरावी म्हणून हेब्बर स्वतः कथक शिकले होते. त्याच्या उलट टोकाला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११). गोव्यातली, मुंबईतली गर्दी, शेकडो माणसं एका कागदावर. रेषा बारीक आणि नेटकी, आणि तरी त्या गर्दीतल्या प्रत्येकाचं उभं राहणं निराळं. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांचं काम आहे. मुंबईला गेलात तर चहा घेत तासभर नुसती माणसं मोजत बसा. आणि मूळचे आमच्या कोल्हापूरचे व्यंगचित्रकार वसंत सरवटे (१९२७–२०१६). इंजिनिअरची नोकरी सांभाळून त्यांनी मराठी मध्यमवर्गीय माणूस रेषेत पकडला. त्यांच्या चित्रातला सदरा घातलेला माणूस खुर्चीत कसा बसलाय, पाय कुठं मुडपलेत, एवढ्यावरून त्याची नोकरी ओळखता येते.

काळं कुठं भरायचं

थोडक्यात सांगतो, कारण इथं लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. चित्रात एकच जागा गच्च काळी ठेवा. अंबाडा, छत्री, टोपी, मांडीखालची सावली, काहीही. ती जागा भाराच्या जवळ असू द्या. बाकी सावल्या तिरक्या समांतर रेषांनी, एकाच दिशेनं, आणि निम्मा देह पांढरा सोडून. आडव्या-उभ्या जाळ्या विणत बसलात तर चित्र पुरं होतं, पण जीव जातो.

चुकलं तर

चुकणारच. शाई खोडता येत नाही, म्हणूनच माणूस टाक धरल्यावर डोळे उघडून बघतो. चुकलेल्या रेषेवर पांढरा रंग फासू नका. तिच्या शेजारी बरोबर रेषा काढा, थोडी जास्त ठाम. दोन रेषा राहू द्या. बघणाऱ्याला दुसरी दिसते, आणि पहिलीमुळं अंग जरासं हलल्यासारखं वाटतं. डाग पडला तर टिपकागद नुसता टेकवून उचला, चोळू नका. मग बघा तो डाग कशात जिरवता येतो. एकदा एसटी स्टँडवर पिशवी पायात धरून बसलेल्या आजोबांच्या चित्रावर माझ्या टाकातून रुपयाएवढा थेंब पडला, नेमका गुडघ्यापाशी. त्याची मी आजोबांच्या हातातली टोपी केली. घरी आल्यावर लक्षात आलं, आता ते टोपी काढून बसलेले दिसताहेत, कुणाची तरी वाट बघत.

"वॉटरप्रूफ" लिहिलेल्या बाटलीवर मात्र आंधळा विश्वास नको. अशीच एक बाटली मी घेतली, पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांची सहा चित्रं काढली, दुसऱ्या दिवशी त्यांवर पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा हात, दिला आणि सहाही चित्रं करड्या पाण्यात विरघळून गेली. आता नवी बाटली आणली की आधी एक रेषा मारतो, रात्रभर वाळू देतो, सकाळी ओला ब्रश फिरवून बघतो.

माणूस उठून गेला तर

जाणारच. बस लागते, गिऱ्हाईक येतं, कुस्ती सुटते. इथं शाळेतला स्मरणचित्राचा पेपर कामाला येतो. माणूस गेला की लगेच डोळे मिटा आणि स्वतःच्या अंगात ती बैठक घेऊन बघा. तुम्हीही पिशवी पायात धरून तसंच पुढं झुका. ओझं कुठं जाणवतंय? कोपरात? कमरेत? तिथूनच उरलेली रेषा सुरू करा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण डोळ्याला आठवत नाही ते पाठीला आठवतं. माझ्या रविवारच्या वर्गात एक बाई आहेत, निवृत्त परिचारिका. त्यांची पाठमोरी रेखाटनं आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली येतात. आयुष्यभर माणसांना कॉटवरून उठवलंय, बसवलंय. भार कुठं असतो हे त्यांच्या हातांना आधीच ठाऊक आहे.

माणसाला काढताना विचारून काढावं. लांबून चोरून काढलेल्या चित्रात चोरटेपणा उतरतो, असा माझा अनुभव आहे. "मावशी, काढू का?", "काका, पाच मिनिटं बसता का?" एवढं पुरतं. नको म्हणाले तर पॅड मिटायचा. चित्र आवडलं तर मी झेरॉक्स काढून नेऊन देतो. मावशींच्या तागडीमागच्या खांबावर ती झेरॉक्स अजून आहे, पाण्याचे शिंतोडे उडून खालचा कोपरा फुगलाय.

सरावाचं म्हणाल तर रोज पाच माणसं, प्रत्येकाला पाच मिनिटं. पहिले आठ दिवस फक्त पाठीची रेषा आणि जमीन, बाकी काही नाही. पुढचे आठ दिवस त्यात समोरची बारीक रेषा. मग कापड. हात आणि तोंड महिनाभरानंतर. एकच माणूस तीन साधनांनी काढून बघा, टाकानं, बोरूनं, साध्या बॉलपेननं. बॉलपेनही वाईट नाही, ते हलका दाब ओळखतं, सावली हळूहळू चढवता येते, फक्त मधूनमधून टोकाशी साचलेली शाई चिंधीला पुसत राहा. प्रत्येक कागदाच्या मागं तारीख, जागा आणि ओझं कुठं होतं ते दोन शब्दांत लिहा. "डावी टाच." "दोन्ही कोपरं, टेबलावर." "मान." माझ्याकडं अशी एकोणीस वर्षांची बाडं आहेत.

काम झालं की टाक लगेच धुवा, घरी जाऊन नव्हे, तिथंच. पाण्याची छोटी बाटली आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा पिशवीत ठेवा. निब पाण्यात हलवा, पालथी करून चिरेतून कापडाचा कोपरा एकदा ओढा, आणि दांडीतून काढून कोरडी करून डबीत टाका. तालमीतली पोरं अंगाची माती खरवडायला लागतात, त्याच वेळी माझी निबही धुऊन होते.